बाईंची तीनशेची लेन्स

बिदरच्या आमच्या हायस्कुलात गणिताला एक बाई होत्या. "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज" एवढं म्हणून त्या खडू टेबलावर ठेवायच्या आणि सरळ वर्गाबाहेर पडायच्या. पोरं हाताची घडी घालून बसून राहायची. मग वरून घरघर यायची, खिडकीची तावदानं थरथरायची आणि शाळेवरून एक विमान निघून जायचं. बाई आत यायच्या, खडू उचलायच्या आणि "एकशेऐंशी अंश" म्हणून वाक्य पुरं करायच्या. एखादं नवं पोरगं हसलंच, तर शेजारचं जुनं पोरगं त्याला कोपरानं ढोसायचं. बाईंच्या वर्गात हसायचं केव्हा आणि गप्प बसायचं केव्हा, हे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचं.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. मी मूळचा आळंदचा, तुरीच्या पोत्यांच्या बाजारात वाढलेला, त्यामुळे विमानांचं मला काही कौतुक नव्हतं. शिकाऊ वैमानिकांची विमानं बिदरवर सकाळपासून घिरट्या घालायची. पहिले आठ दिवस मी मान वर केली, मग सोडून दिलं. गावातल्या लोकांना तर तो आवाज पिठाच्या गिरणीइतका अंगवळणी पडला होता. साऱ्या गावात वर बघणाऱ्या एकट्या बाईच.

त्या चाळिशीच्या होत्या, उंच आणि ताठ. पांढरी सुती साडी, पायात पुरुषी चपला आणि खांद्याला खाकी पिशवी. त्या पिशवीत कॅमेरा, फडक्यात बांधलेली भाकरी आणि उत्तरपत्रिका असं सगळं एकत्र नांदत असे. लग्न केलं नव्हतं. कुणी त्याबद्दल विचारलं तर "वेळ न्हाई घावला" एवढंच सांगायच्या, आणि विचारणाऱ्याला आपलीच चूक झाल्यासारखं वाटायचं.

'बहुतेक' हा शब्द त्यांना माहीतच नव्हता. उत्तरपत्रिकेत कुणी 'अंदाजे' लिहिलं की तिथं लाल शाई फुली मारायची. एकदा भर स्टाफरूममध्ये विमानाचा आवाज ऐकून त्यांनी जाहीर केलं, "ह्याच्या इंजिनात बिघाड हाय. आता माघारी फिरतंय बगा." आम्ही सगळे चहाचे कप घेऊन बाहेर आलो. विमान काही माघारी फिरलं नाही, ऐटीत हुमनाबादच्या दिशेला निघून गेलं. बाईंनी ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "त्याला आजून कळलं न्हाई." आणि वर्गावर गेल्या.

हेडमास्तरांनी एकदा त्यांना बोलावून सांगून पाहिलं की तास चालू असताना असं बाहेर जाणं बरं दिसत नाही. बाई म्हणाल्या, "सर, विमान मधल्या सुट्टीत येत न्हाई." त्यांच्या वर्गाचा गणिताचा निकाल दरवर्षी सगळ्यांच्या वर असायचा, त्यामुळे हेडमास्तरांनी तो विषय सोडून दिला. पोरं त्यांना पाठीमागं विमानबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं आवडायचंही.

त्यांच्या खोलीवर मी पहिल्यांदा गेलो तो परीक्षेचे पेपर आणायला. चारी भिंतींवर फोटो चिकटवलेले होते. प्रत्येक फोटोत नुसतं पांढरं आभाळ आणि मधोमध एक काळा डाग. मला वाटलं, कागद खराब निघालेत. मी तसं म्हणालोही.

"डाग न्हाई, विमान हाय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. भिंगातून पाहिलं तर खरंच, गोचिडीएवढं विमान होतं. दुसऱ्या फोटोतही गोचीड, तिसऱ्यातही.

"बाई, विमानं तर रोज दिसतात. फोटो कशाला?"

त्यावर त्यांनी मला खाली बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि आपल्या बापाची गोष्ट सांगितली.

त्यांचं गाव बिदरपासून जवळच, भालकीच्या रस्त्याला. गावाबाहेरच्या माळावर त्यांच्या वडिलांना थोडं रान मिळालेलं होतं, धोंड्यांनी भरलेलं. आयुष्यभर धोंडे वेचून वेचून त्यांनी तिथं तूर पिकवली होती. दीक्षा घेतल्यापासून म्हाताऱ्याचा एक नेम होता. सकाळी रानात जाताना वाटेत जो भेटेल त्याला हात वर करून जयभीम घालायचा. कुणी उलटून घातला तर बरं, नाही घातला तरी बरं. धावपट्टीकडं वळणारी विमानं त्या माळावरून खूप खालून जायची. म्हातारा त्यांनाही हात वर करून जयभीम घालायचा. एके दिवशी विमानातल्या माणसानं उलट हात वर केला. म्हाताऱ्यानं तो डोळ्यांनी पाहिला.

संध्याकाळी चावडीपुढं लोक बसले होते, तिथं त्यानं सांगितलं, "आज विमानवाल्यानं मला जयभीम घातला."

पाटील ओट्यावर बसलेले होते. ते म्हणाले, "तुला? एवढ्या दुनियेत त्याला दुसरं कुणी घावलं न्हाई व्हय?"

सगळी चावडी हसली. त्या दिवसापासून बारकी पोरंसुद्धा वाटेत अडवून विचारायला लागली, "अप्पा, आज जयभीम घातला का न्हाई विमानानं?" म्हातारा पुन्हा ती गोष्ट कुणाला बोलला नाही. हात वर करायचं मात्र त्यानं सोडलं नाही.

"माझा बाप खोटं बोलत न्हाई सर," बाई म्हणाल्या. "खोटं बोलायला आलं आसतं तर त्याचे लई दिवस सुखात गेले आसते. आता त्यो सत्तरीचा हाय. त्येच्या डोळ्यांदेखत मला त्यो हात कागदावर दाखवायचाय. पाटलालाबी आन् त्या पोरायलाबी. ह्या गोचिडीत हात दिसतंय का? न्हाई दिसत. म्हणून मला तीनशेची लेन्स पाहिजे."

मला तेव्हा लेन्समधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी एका दमात समजावलं. त्यांच्याकडची लेन्स एकशेपस्तीस मिलिमीटरची, ठरलेल्या लांबीची. माणसाचा चेहरा टिपायला उत्तम, आभाळातल्या विमानापुढं मात्र अपुरी. नवी झूम शंभरापासून तीनशेपर्यंत लांबवता येते. विमान लांब असताना कमी लांबीवर त्याला हुडकायचं आणि जवळ आलं की ओढून मोठं करायचं. बिदरमध्ये अशी लेन्स कुणी पाहिलेलीही नव्हती. ती हैदराबादला मिळणार होती, आणि बाईंनी सोबतीला मला निवडलं होतं. माझं मत त्यांनी विचारलं नाही.

जहिराबादपर्यंत मी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. बाई खिडकीशी ताठ बसून भाकरी खात होत्या. हैदराबादच्या त्या दुकानात जुने कॅमेरे आणि लेन्सा काचेच्या कपाटात मांडलेल्या होत्या. दुकानदार म्हातारा, मेंदी लावलेल्या दाढीचा, फार अदबीचा. त्यानं तीनशेची झूम कपाटातून काढली आणि मखमलीच्या तुकड्यावर माझ्यापुढं ठेवली. "देखो साब, क्या चीज है!"

बाईंनी ती माझ्यापुढून उचलली. "इनो खाली संगात आए. मेरे से बात करो." म्हणजे मी नुसता सोबतीचा.

मग त्यांनी ती कॅमेऱ्याला लावली, दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि लांबच्या चौकातल्या बसची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. तेवढ्यानं समाधान झालं नाही. कॅमेरा सरळ आभाळाकडं धरला. तसं लेन्सचं पुढचं नळकांडं आपल्याच वजनानं सर्रकन खाली घसरलं आणि तीनशेची लेन्स शंभराची झाली.

"ये क्या?" बाईंनी विचारलं.

"वजनदार है ना मॅडम, सब्बी ऐसेइच आते. आसमान को कौन लगाता?"

"हौ, मैंइच लगाती."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मग त्यानं लेन्स फडक्यानं पुसली. बाईंची जुनी लेन्स बदल्यात द्यायची ठरली होती. ती त्यांनी पिशवीतून काढली, काचेवर फुंकर मारली आणि टेबलावर ठेवून त्याला बजावलं, की हिनं आजवर विमानं पाहिलीत, हिला लग्नाच्या मांडवात पाठवू नको. म्हातारा छातीवर हात ठेवून "जी, बिलकुल" म्हणाला. मला वाटतं त्यानं तो शब्द पाळायचा निदान प्रयत्न केला असेल.

परतीच्या प्रवासात बाईंनी लेन्स मांडीवर घेतली होती. कंडक्टरनं विचारलं, "हे काय हो अक्का, तोफ?" बाई म्हणाल्या, "तोफच हाय. तिकीट किती?"

तोफ घरी आली, पण चालवायची सोपी नव्हती. एक तर ती जुन्या लेन्सच्या दुप्पट जड. दुसरं म्हणजे तिच्यातून उजेड कमी यायचा, त्यामुळे लख्ख ऊन असेल तरच वेगातलं विमान स्पष्ट उमटायचं. आणि वर धरली की घसरायची. घसरण्याचा इलाज बाईंनी पहिल्याच दिवशी केला. सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी कापून नळकांड्याभोवती करकचून गुंडाळली. आता ती ओढली तरच हलायची. वजनासाठी त्यांनी पाण्यानं भरलेली कळशी दोन्ही हातांत धरून अंगणात उभं राहायचा सराव सुरू केला. आणि नजरेसाठी शाळेच्या गच्चीवर जाऊन घारींचा पाठलाग. विमान कॅमेऱ्यात धरायचं तर त्याच्याबरोबर कमरेतून वळत राहावं लागतं, बटण दाबल्यावरसुद्धा थांबून चालत नाही, असं त्या सांगायच्या. ती सवय अंगात इतकी भिनली की स्टाफरूममध्ये शिपाई चहाचा ट्रे घेऊन इकडून तिकडं गेला तरी बाईंचं वरचं अंग त्याच्याबरोबर सावकाश वळायचं. तो बिचारा दचकून कप सांडायचा.

एकदा रस्त्यावर एका हवालदारानं त्यांना अडवलं. आभाळाकडं तोफ लावून बसलेली बाई पाहून कुणीही अडवलं असतंच. बाईंनी त्याला आपला नियम सांगितला, की ही लेन्स जमिनीवरच्या कशालाच लागत नाही, ना भिंतीला, ना इमारतीला. "वरचं तेवढं माझं, खालचं तुमचं." मग कॅमेराच त्याच्या हातात दिला. त्यानं बराच वेळ एका घारीकडं पाहिलं, "अरे, चोंच दिखरी!" म्हणाला आणि सलाम करून निघून गेला.

खरी युक्ती मात्र त्यांनी फळ्यावर सोडवली. शाळा सुटल्यावर मला बसवून घेतलं आणि एक मोठं वर्तुळ काढलं. सरळ जाणारं विमान खालच्या माणसाला नुसतं पोट दाखवतं. वळताना ते एका अंगावर कलतं, तेव्हा त्याची पाठ आणि काच वर्तुळाच्या आतल्या बाजूला येते. म्हणजे आतल्या बाजूला उभा असलेला माणूस विमानातल्या माणसाला दिसतो आणि विमानातला माणूस त्याला. बाहेरच्या बाजूच्या माणसाला दोन्ही दिसत नाही. त्यांनी वर्तुळाच्या आत एक ठळक टिंब केलं.

"हे अप्पाचं रान."

मग बाहेर, बरंच लांब, दुसरं टिंब केलं.

"हे पाटलाचं. आता सांगा, हात कुणाला दिसंल?"

मराठीचा शिक्षक असूनही मला ते समजलं. इतका नीट समजलेला भूमितीचा तो माझा एकमेव धडा.

त्यानंतर आमच्या सकाळी माळावर जाऊ लागल्या. सुट्टी असेल आणि विमानं उडणार असतील, त्या दिवशी बाई मला सायकलवर पुढं घालून न्यायच्या. म्हणजे मी माझ्या सायकलवर पुढं आणि त्या त्यांच्या सायकलवर मागून सूचना देत. अप्पा तुरीच्या बांधावर उभे असायचे. बारीक, काळेसावळे, डोक्याला पांढरं मुंडासं. ते आम्हाला जयभीम घालायचे, आम्ही त्यांना घालायचो, आणि मग ते आपल्या कामाला लागायचे. लेकीच्या खटाटोपाविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. फक्त एकदा मला हळूच विचारलं, "सर, एवढी लांब नळी कामून लागायलीय तिला? मला तर नुसत्या डोळ्यानं दिसलाय त्यो."

रोलामागून रोल वाया गेले. कधी विमान अर्धंच आलं, कधी हललं, कधी ऊन ढगात गेलं. पण बाईंचा विश्वास तसूभर ढळला नाही. "विमान बरुबर आलंय, मीच घाई केली," एवढंच म्हणून त्या नवा रोल घालायच्या. माझाच धीर सुटत चालला होता. कुठल्याशा वैमानिकानं कधीकाळी कशासाठी तरी हात वर केला असेल, तो पुन्हा कशाला करेल? हे मी बाईंना एकदा बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अप्पा रोज करतेत. कुणी न कुणी उलट करंलच."

त्या सकाळी हवा स्वच्छ होती. तूर पिवळ्या फुलांनी भरली होती. विमान वळणाला लागलं, कललं, उन्हात त्याची काच चमकली. अप्पांनी बांधावर उभं राहून नेहमीसारखा हात वर केला. बाई कमरेतून वळत गेल्या, एकदा बटण दाबलं, पुन्हा दाबलं आणि विमान निघून गेल्यावरही तशाच वळत राहिल्या. मग कॅमेरा खाली घेतला.  

"घावला," त्या म्हणाल्या.

स्टुडिओवाल्यानं मोठा फोटो काढून दिला तेव्हा तोही ओरडला, "बाई, डोकी दिसायलेत की आतली!" काचेखाली शेजारी शेजारी दोन हेल्मेटं होती. त्यातल्या एकाचा हात वर होता, पंजा उघडा, काचेला टेकल्यासारखा. तो हात उन्हासाठी आडवा धरला होता की आणखी कशासाठी, हा प्रश्न माझ्या मनात आलाच. बाईंच्याही मनात आला असणार, कारण त्यांनी मी न विचारताच उत्तर दिलं. "हात वर हाय. वर हाय एवढंच अप्पा म्हणले हुते. बाकीचं त्या माणसाला इचारा."

रविवारी सकाळी आम्ही गावात गेलो. चावडीपुढं माणसं होती. पाटील ओट्यावर टेकून बसले होते, आता तेही थकले होते. अप्पा खाली अंगणात उभे होते, लेकीनं बोलावलं म्हणून आले होते. बाईंनी फोटो पाटलांच्या हातात दिला. पाटलांनी चष्मा लावला, फोटो उन्हाकडं धरला, जवळ नेला, लांब नेला.  फोटो मग एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरला. ज्यांनी लहानपणी अप्पांना वाटेत अडवलं होतं ती पोरं आता मिशा फुटलेली होती. तीही मान खाली घालून बघत होती.

"हात हाय खरा," पाटील शेवटी म्हणाले. बाईंच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांचं समाधान पसरायला लागलं होतं, तोच पाटील पुढं म्हणाले, "मलाबी केलता की एकदा. हरभऱ्यात हुतो मी."

"मलाबी," मागून कुणीतरी म्हणालं. "भर पेरणीत."

"आमच्या म्हातारीला तर दोनदा."

बघता बघता साऱ्या गावाला विमानवाल्यांनी हात केलेले निघाले. बाई लालबुंद झाल्या. त्यांच्या बापाला इतकी वर्षं ज्यासाठी हसले, तेच आता सगळे वाटून घ्यायला लागले होते. त्या ओट्यापुढं गेल्या. "पाटील, तुमचं रान वळणाच्या भाईर हाय. तिथून तुमाला त्यो दिसणारच न्हाई. मी फळ्यावर काढून दाखवते..."

"ऱ्हाऊ दे माय," अप्पा म्हणाले.

"कामून ऱ्हाऊ दे? हेनी तुमाला..."

"केला आसंल त्यायलाबी हात," अप्पा शांतपणे म्हणाले. "वरून समदे सारकेच दिसतेत."

 पाटलांनी चष्मा काढला आणि उगीचच धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. बाई बापाकडं बघत राहिल्या.  डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांना आठवण राहिली नव्हती.

मग त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला. "अप्पा, हिथंच थांबा. हालू नका."

ती लेन्स आभाळासाठी घेतलेली. शंभरावर आणली तरी जवळचा माणूस तिच्यात मावेना. नुसतं मुंडासं दिसत होतं. बाई डोळ्याला कॅमेरा लावून एक एक पाऊल मागं सरकायला लागल्या. लोक बाजूला झाले. मागं सरकता सरकता त्यांची टाच ओट्याच्या पायरीला लागली. बाईंच्या घराण्यातलं कुणी ती पायरी कधी चढलेलं नव्हतं. बाईंनी मागं वळून पाहिलंही नाही. त्या पायरी चढल्या, दुसरी चढल्या आणि वर ओट्यावर गेल्या.  पाटलांनी पाय आवरून घेतले आणि बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली.

खाली अंगणात अप्पा ताठ उभे होते. त्यांनी हात वर केला.

"हां," बाई वरून म्हणाल्या, "आता पुरे मावलाव."